मध्यरेषेपलीकडे

संध्याकाळी साडेपाचला फैजपूरच्या मैदानावर तू मध्यरेषेशी उभा आहेस. समोर सात जण मनगटांत बोटं अडकवून वाकलेले. सातपुड्याकडून येणारं वारं अंगावरचा घाम गार करतंय. शिट्टी वाजते. छातीत मावेल तेवढा श्वास भरून तू पहिला ‘कबड्डी’ उच्चारतोस आणि रेषा ओलांडतोस. पाय टेकतो तो १९३६ च्या डिसेंबरात.

गाव हेच आहे, पण ओळखू येत नाही. गावाबाहेरच्या शिवारात बांबू, चटया आणि दोरखंडांचं एक अख्खं नगर उभं राहिलंय. त्याला टिळकनगर म्हणतात. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बसूंनी ते इथल्याच सामानातून सजवलंय. राष्ट्रसभेचं पन्नासावं अधिवेशन भरतंय, आणि पहिल्यांदाच ते शहर सोडून खेड्यात आलंय. सावदा स्टेशनाकडून माणसांचे लोंढे येतात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंचा रथ बैलांच्या सहा जोड्या ओढत आणतात. धुळीच्या पडद्याआड तुला आधी फक्त शिंगं दिसतात, मग रथ. या सगळ्याची उस्तवार करणाऱ्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आहेत, पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत आलेले. तुझ्या कॉलेजच्या पाटीवर त्यांचंच नाव आहे.

गर्दी दुभंगते आणि एक तरुण धावत येतो. त्याच्या हातात पेटती ज्योत आहे. मुंबईहून ती अशीच निघाली, एका धावणाऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती, गावामागून गाव. त्याच वर्षी जुलैत ऑलिम्पियापासून बर्लिनपर्यंत ऑलिम्पिकची ज्योत पहिल्यांदा अशी हातोहात नेली गेली होती. या मुलाला त्याची खबर असेल नसेल. त्याच्या पोटऱ्या तटतटल्यात, ओठ सुकलेत. तू खेळाडू आहेस, म्हणून इतरांसारखं ज्योतीकडे न बघता तुझं लक्ष त्याच्या पायांकडे जातं. तो ज्योत पुढच्याच्या हाती देतो आणि बाजूला सरतो. जयघोष पुढे निघून जातो. तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात नेहरू आहेत, गांधी आहेत, नंदलाल बसू आहेत. तो मुलगा नाही.

टिळकनगरच्या मागच्या बाजूला, ज्वारी कापून नेलेल्या वावरात, यावल-रावेरकडची पोरं हुतूतू खेळतायत. धसकटं तळपायाला टोचतात. तू आत शिरतोस तर पहिला वाद नियमांवरूनच होतो. बाद झालेला गडी परत उठणार की नाही? उठत असेल तर संजीवनी, नसेल तर गामिनी, आणि बाद होऊनही मैदान न सोडता नुसते गुणच मोजायचे असतील तर अमर. प्रत्येक गावाचा आपला रिवाज. साताऱ्याकडच्या आणि बडोद्याच्या मंडळींनी नियम एकसारखे करण्याची खटपट सुरू केलेली आहे, पण ती अजून या वावरापर्यंत पोचलेली नाही. कसल्याही रिवाजात एक गोष्ट मात्र तीच राहते: एकट्याने पलीकडे जायचं, शिवायचं, आणि सगळे मिळून धरायला येतात तेव्हा निसटून परत यायचं.

दम धरून ठेव. अजून परत फिरायचं नाहीये.

याच १९३६ मध्ये चार महिने मागे सरक. बर्लिन, ऑगस्ट. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं ऑलिम्पिकच्या निमित्ताने जमलेल्या लोकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिकं करतायत. त्यात तुझाही खेळ आहे. प्रेक्षक कुतूहलाने बघतात, टाळ्या वाजवतात. चेंडू कुठे आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.

चेंडू हवाच असेल तर आणखी सहा महिने मागे, आणि समुद्रापार चल. ८ फेब्रुवारी १९३६, फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलातली एक खोली. अमेरिकन फुटबॉलच्या नऊ व्यावसायिक संघांचे मालक बसलेत. समोर फळ्यावर कॉलेजांतल्या नव्वद मुलांची नावं खडूने लिहिलेली. आपल्याकडच्या लिलावाचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही, फक्त इथे बोली लागत नाही. पाळीपाळीने नाव उचलायचं. पहिलं नाव उचललं जातं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं.

बरवँगर हाफबॅक आहे, म्हणजे आजच्या भाषेत रनिंग बॅक. त्याचं काम तुला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा, समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत फट शोधायची, तिच्यात घुसायचं आणि मिळेल तेवढी जमीन जिंकायची. तुझ्या चढाईत आणि त्याच्या धावेत फरक आहे तो शेवटाचा. तुझी चढाई साधली तर तू स्वतःच्या पायांवर रेषेपर्यंत परत येतोस. त्याची धाव साधली तरी ती बहुतेक वेळा जमिनीवरच संपते, कुणीतरी आडवं पाडल्यावर. पाच यार्ड मिळवून पडणं म्हणजे यश. मग उठायचं, आणि मिनिटाभरात पुन्हा तेच. एका मोसमात तीनशे वेळा चेंडू हाती आला तर जवळपास तेवढ्याच वेळा आपटायचं.

सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा, पुढे हाइझमन म्हणून गाजलेला पुरस्कार पहिल्याच वर्षी, १९३५ मध्ये, बरवँगरला मिळालेला. त्याला निवडणाऱ्या संघाने आपला हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकला. बरवँगरने मागितलेला मोबदला बेअर्सना परवडेना. तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. फोम रबर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला, फावल्या वेळात कॉलेजच्या पोरांना शिकवत राहिला. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात सर्वांत आधी निवडला गेलेला खेळाडू व्यावसायिक मैदानावर उतरलाच नाही! मला त्याच्या या नकाराचं मोल मोठं वाटतं. आपल्या देहाची किंमत काय, हे त्याने समोरच्याला ठरवू दिलं नाही. जमलं नाही तेव्हा सरळ दुसरं काम धरलं.

आता पुढे ये, आणि झपझप ये, कारण मधली दशकं तुला ऐकून ठाऊक आहेत. १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा. शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. गिरणगावातल्या मैदानांवर विजेच्या दिव्यांखाली रंगलेले सामने, मुंबईच्या लाल मातीने माखलेले गुडघे. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी एशियाडमध्ये पदकाचा खेळ झाली आणि भारताने पहिलंच सुवर्ण घेतलं. राजू भावसार, अशोक शिंदे ही आपली मराठी नावं त्याच संघातली.

या साऱ्या काळात चढाईपटूचा पगार चढाईचा नसे. बँक, रेल्वे, गिरणी, पोलीस, विमान कंपनी असे संघ असत आणि खेळाडू तिथे कामाला असे. दुपारी टेबलावर, संध्याकाळी मैदानात. त्यात श्रीमंती नव्हती. पण तिशीत गुडघा गेला तरी टेबल राही, आणि महिन्याच्या एक तारखेला घरी धान्य येई. या व्यवस्थेला आता जुनाट म्हणण्याची पद्धत पडलीय. मी तसं म्हणणार नाही.

२० मे २०१४, मुंबई. प्रो कबड्डीचा पहिला लिलाव. तू मागच्या रांगेत उभा आहेस. एकेक नाव पुकारलं जातं, आकडा चढतो, हातोडा पडतो. भारतीय रेल्वेच्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्स १२ लाख ८० हजारांना घेतात आणि तो त्या दिवसाचा सर्वांत मोठा आकडा ठरतो. दोन महिन्यांनी, २६ जुलैला, वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स समोरासमोर येतात. माती गेली, मॅट आली. तीस सेकंदांचं घड्याळ डोक्यावर लटकतंय. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद पटावरची प्रत्येक झटापट आता घराघरांत तीन कोनांतून दिसते, तुमच्या गल्लीतही.

आणखी चार वर्षं. या खेपेला तुला चढाई करायची नाही, पकड करायची आहे. ७ ऑक्टोबर २०१८, चेन्नई. अंगात पुणेरी पलटणची जर्सी, जागा डावा कोपरा. समोरून यू मुंबाचा एक नवा गडी येतोय. उंच, छातीने रुंद, वजन ८५ किलोंच्या मर्यादेला भिडणारं. सिद्धार्थ देसाई. गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड, कोल्हापूर जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक. शेतकऱ्याच्या घरातला, भौतिकशास्त्राचा पदवीधर. थोरला भाऊ सूरजही कबड्डीतलाच. प्रो कबड्डीतला हा त्याचा पहिला सामना, आणि वयाची सव्वीस वर्षं उलटून गेलेली आहेत.

तो निदान रेषा ओलांडतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटर आत. तू त्याच्या पुढच्या पायाकडे बघतोयस, कारण कोपरारक्षकाने चेहऱ्याकडे बघायचं नसतं; चेहरा फसवतो, घोटा फसवत नाही. पाय किंचित रेंगाळतो. तू झेपावतोस, दोन्ही हातांत घोटा येतो, शेजारचा मांडीला भिडतो, तिसरा कमरेत हात घालतो. पकड झाली, असं तुला वाटतं. आणि मग तुझ्या छातीखालून मॅट सरकू लागते. तो तुम्हा तिघांना ओढत नेतोय. एक पाऊल, अर्धं पाऊल, मग सगळं अंग पुढे झोकून देऊन त्याचा उजवा हात रेषेवर पडतो. तीन गुण. तोंडात मॅटच्या रबराचा वास आणि कानात स्टेडियमचा कल्लोळ. ही चढाई मी तुझ्यासाठी रचली आहे. पण चंदगडचा हा गडी त्या मोसमात खेळला तो याच घाटाने, आणि लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटतो.

लिलावात त्याला ३६ लाख ४० हजार मिळालेले. त्याने चार सामन्यांत चढाईचे पन्नास गुण केले, तोवर कुणीही इतक्या लवकर केले नव्हते. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. हुंदळेवाडीच्या भातखाचरांत उभं राहून हा आकडा ऐक, म्हणजे त्याचं वजन कळेल. आणि त्याने तो फेडलाही: नव्या संघाकडून आणखी २१७ गुण.

इथेच क्षणभर पुन्हा समुद्रापार जाऊन ये. तेच २०१८ साल, लॉस एंजेलिस. टॉड गर्ली, वय तेवीस, आदल्या मोसमात लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरलेला रनिंग बॅक. जुलैत रॅम्स संघ त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे पावणेसहा कोटी डॉलरचा करार करतो. मोसमाच्या अखेरीस त्याचा गुडघा कुरकुरू लागतो. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये त्याला धावण्यासाठी जेमतेम दहा वेळा चेंडू मिळतो. मार्च २०२० मध्ये संघ त्याला मोकळं करतो. पुढे अटलांटाकडून एक मोसम, आणि सव्विसाव्या वर्षी खेळ संपला. ज्या वयात आपल्या सिद्धार्थने पहिली चढाई केली, त्या वयात गर्लीने शेवटची धाव घेतली.

या धंद्याचा हिशेब असाच निर्दय आहे. धावणाऱ्याला पैसा मिळतो तो त्याने मागच्या मोसमात केलेल्या कामासाठी, आणि तेच काम पुढच्या मोसमाचा देह खाऊन टाकतं. जितका तो चांगला, तितक्या जास्त वेळा चेंडू त्याच्याकडे. जितक्या जास्त धावा, तितके जास्त आघात. रनिंग बॅकची कारकीर्द सरासरी तीन वर्षांच्या आतबाहेर. चढाईपटूचंही निराळं नाही. ज्या संघाची सगळी भिस्त एकावर, तो एक प्रत्येक ‘करो या मरो’ला उठून जातो. मारेकरी फक्त वेगळा. तिथे गुडघा, इथे बरेचदा खांदा.

खांद्याचं ऐकच, कारण हा तुझाही प्रश्न आहे. रेषेकडे झेपावताना तू हात लांबवतोस. त्याच क्षणी मागून तिघे तुझी कंबर आणि पाय उलट्या दिशेने ओढतात, आणि दोनअडीचशे किलो वजन पाठीवर कोसळतं. खांद्याच्या सांध्यात हाडाचा गोळा फार उथळ खोबणीत बसलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो गोळा पटकन बाहेरही येतो. एकदा निसटला की आजूबाजूच्या दोऱ्या सैल पडतात आणि दुसऱ्यांदा निसटायला निमित्त लागत नाही. गावाकडे तो चोळून, ओढून बसवतात आणि आठवड्यात पोरगा पुन्हा पटावर. हे बंद व्हायला हवं. मी हे कळकळीने सांगतोय. सांधा सरकला तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि ते सांगतील तितके महिने बसायचं. स्पर्धा दरवर्षी येतात.

डिसेंबर २०२१, बंगळूर. करोनामुळे सगळे सामने व्हाइटफील्डच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना. तू रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभा आहेस. मॅटवर पाय आपटल्याचा आवाजही इथे घुमतो. टायटन्सनी देसाईला १ कोटी ३० लाखांना राखून ठेवलंय. मोजक्याच सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने त्याचा मोसम संपतो. पुढच्या लिलावात त्याचा भाव कोटीवरून लाखांच्या घरात येतो. मागचे चारशेपस्तीस गुण तिथे कुणी मोजत नाही.

मघाशी तू टिळकनगरात धनाजी नानांना पाहिलंस. पोलिसातली नोकरी सोडून आलेला तो माणूस. आज त्याच गावात पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, त्यांत तुझ्या संघातलेही असतील. या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही. नानांनी नोकरी सोडली तेव्हा ती परक्या सरकारची होती. आता राज्यात शासकीय पदांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच वाटेने पोलीस अधिकारी. मैदान सुटल्यावरही त्याच्या अंगावर वर्दी आहे. लिलावाचा आकडा दिपवतो, पण दरवर्षी राज्यभरातून त्या यादीत शिरणारी नावं किती, आणि जिल्हा-विद्यापीठ पातळीवर जीव तोडून चढाया करणारी पोरं किती! तुझं स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेव, त्याची क्रीडा कार्यालयातून पडताळणी करून घे, पदवी अर्धवट सोडू नकोस. सिद्धार्थने मॅटवर जायच्या आधी भौतिकशास्त्र पुरं केलं होतं.

आणि तो परत आला, हेही तुला बघायचंय. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात हरयाणा स्टीलर्सनी त्याच्यावर पुन्हा १ कोटी लावले. १ मार्च २०२४, हैदराबादचं गच्चीबावली स्टेडियम, दहाव्या मोसमाचा अंतिम सामना. तुझा दम आता संपत आलाय, कानशिलं उडतायत, तरी हा सामना सोडू नकोस. एका बाजूला हरयाणाकडून बत्तिशीतला चंदगडचा देसाई. दुसऱ्या बाजूला पुणेरी पलटणचा कप्तान, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, पंचविशीच्या आसपासचा. त्याच्या जोडीला पंकज मोहिते. मध्यंतराच्या तोंडावर मोहिते एका चढाईत चार जणांना घेऊन परततो आणि पारडं फिरतं. देसाई चढायांना जात राहतो. दोन वर्षांपूर्वी गेलेला तोच खांदा, तोच हात रेषेकडे लांबवायची तीच सवय. त्याला गुण मिळतात, पण थोडे. घड्याळ उतरत जातं. २८-२५. पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती होते, पिवळ्या-केशरी कागदांचा पाऊस पडतो, अस्लमला पोरं खांद्यावर घेतात.

त्याच खांद्यांकडे बघत, गर्दीच्या मागे, संघांची माणसं पुढच्या मोसमासाठी कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं याची बोलणी सुरू करतील. आज रात्री नाही तर उद्या सकाळी.